परसबागेतील संत्र्याला खत किती, केव्हा आणि कोठे द्यावे?

परसबागेत संत्र्याची एक-दोन झाडे असलेल्या अनेकांनी विचारले आहे की, नियमित खत घालूनही पाने पिवळी पडतात, तेव्हा मात्रा वाढवावी काय. मात्रा वाढवण्यापूर्वी कोणती पाने पिवळी पडली आहेत, ते कृपया नीट पाहावे. जुनी पाने सर्वत्र सारखी फिकट होत असतील, तर नत्राची कमतरता संभवते. परंतु कोवळ्या पानांच्या शिरा हिरव्या राहून मधला भाग पिवळा पडत असेल, तर झाडाला लोह मिळत नाही असे समजावे. चुनखडीच्या जमिनीत लोह असूनही मुळांना ते घेता येत नाही, त्यामुळे तेथे युरिया वाढवून ही पिवळी पाने हिरवी होणार नाहीत. आळ्यात पाणी साचून मुळे गुदमरली असतील, तरीही झाड पिवळे पडते. अशा झाडाचा आधी निचरा सुधारावा.

फळे देणाऱ्या, पूर्ण वाढलेल्या झाडाला वर्षाला साधारण 500 ग्रॅम नत्र, म्हणजे सुमारे 1,100 ग्रॅम युरिया लागतो. शेणखत भरपूर घालत असाल, तर यात कपात करावी. नव्या रोपाला मात्र पालवी फुटू लागल्यावरच, वर्षाला 50 ग्रॅम नत्रापासून सुरुवात करून वयाप्रमाणे मात्रा वाढवावी. फळे देणाऱ्या झाडाची मात्रा एकदम न देता फुलोऱ्यापूर्वी, फळधारणेनंतर आणि फळे वाढत असताना अशी तीन हप्त्यांत विभागावी. फळे रंगावर येण्याच्या सुमारास जादा नत्र दिल्यास साल जाड होते व रंग उशिरा चढतो.

सर्वाधिक चूक होते ती जागेच्या बाबतीत. खोडालगत खत टाकण्याची सवय कृपया सोडावी, कारण अन्न शोषणारी तंतुमुळे जमिनीच्या वरच्या थरात, फांद्यांच्या घेराखाली आणि त्याच्याही बाहेर पसरलेली असतात, तर खोडाशी खत व ओल साचल्यास साल कुजून डिंक्या, म्हणजे खोडातून डिंक पाझरण्याचा रोग, होण्याचा धोका वाढतो. खोडापासून किमान 30 सेंटिमीटर जागा मोकळी ठेवून खत घेराच्या कडेपर्यंत पसरावे, मातीत हलके मिसळावे आणि लगेच पाणी द्यावे; युरिया उघडा राहिल्यास त्यातील नत्र अमोनिया होऊन उडून जाते. खोल खणू नये, मुळे तुटतात.

नवी पाने बारीक, अरुंद आणि चट्टेदार निघत असल्यास जस्त कमी पडत आहे. त्यासाठी एक लिटर पाण्यात 5 ग्रॅम झिंक सल्फेट व 2.5 ग्रॅम विरवलेला चुना मिसळून, गाळून, नवी पालवी जून होण्यापूर्वी फवारावे.