ब्रेल डिस्प्ले एक, मशीन दोन

प्रश्न: माझा ब्रेल डिस्प्ले (स्क्रीनवरचा मजकूर पिनांनी ब्रेल लिपीत उमटवणारं यंत्र) लॅपटॉपला मस्त चालतो, पण आयफोनला जोडायला गेलं की लॅपटॉपच त्याला मध्ये खेचून घेतो. दरवेळी पेअरिंग उडवायचं का?

उत्तर: अजिबात नको! डिस्प्ले फोकस ४०ची पाचवी पिढी किंवा ब्रेलियंट बीआय ४०एक्स या मॉडेलचा असेल तर ५ ब्लूटूथ कनेक्शन जपून ठेवता येतात, फक्त पिनांवर एका वेळी एकाच मशीनचं उमटतं. आयफोनवर नेहमीच्या ब्लूटूथ यादीतून जोडू नका, बरेच जण तिथेच अडकतात, व्हॉइसओव्हरच्या (आयफोनमधला स्क्रीन रीडर) सेटिंगमध्ये ब्रेल आहे तिथून जोडा. आणि लॅपटॉपवर एनव्हीडीए (स्क्रीन वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर) ब्रेलच्या सेटिंगमध्ये ऑटोमॅटिकवर असेल तर डिस्प्ले दिसला रे दिसला की ते पकडतं, म्हणून फोन जोडेपर्यंत तिथे 'नो ब्रेल' ठेवा. नंतर डिस्प्लेच्याच मेनूतून मशीन बदलायचं, बोटाखालची ओळ बदलली की झालं.