पुरुष व्हायचं नाही, हार्मोन्सही नकोत. नाशिकमध्ये राहून फक्त छातीची शस्त्रक्रिया करून मिळेल का?

तुम्ही लिहिलंय: वय 23, बाई म्हणून जगणं नको, पुरुषही व्हायचं नाही, फक्त छाती सपाट हवी. आणि डॉक्टरांसमोर 'आलो' म्हणू की 'आले'?

करून मिळते. माझी झाली आहे. पण मी गेलेल्या वाटेने जाऊ नका.

2019 मध्ये शहरातल्या एका दवाखान्यात फॉर्म हातात आला, त्यात पु. आणि स्त्री असे दोनच चौकोन. डॉक्टर म्हणाले, "मुलगा व्हायचंय ना? मग आधी इंजेक्शनं, सर्जरीचं वर्षभराने बघू." नाही म्हटलं तर दारच बंद होईल, या भीतीने मी "हो" म्हटलं. पाच महिन्यांत आवाज फुटला. एकदा नव्या नंबरवरून घरी फोन केला तर आईने "राँग नंबर" म्हणून ठेवून दिला. इंजेक्शनं बंद केल्यावर पाळी परत सुरू झाली, आवाज काही मागे फिरला नाही. त्या इंजेक्शनांतल्या टेस्टोस्टेरॉनचं, म्हणजे पुरुषी हार्मोनचं, असंच असतं. चरबीची ठेवण पूर्ववत होते. आवाज आणि दाढीमिशी राहते. डोस कमी ठेवला तर सगळं सावकाश होतं इतकंच, हे हवं अन् ते नको असं निवडता येत नाही. (पाळी थांबली म्हणजे दिवस जाणार नाहीत असंही नाही. हे मला कुणी सांगितलं नव्हतं.)

तेव्हा खोटं बोलू नका, काय हवं ते पहिल्याच भेटीत सांगा. डब्ल्यूपाथ या ट्रान्सजेंडर आरोग्यावर काम करणाऱ्या संस्थेच्या मार्गदर्शक सूचना जगभरचे डॉक्टर वापरतात. त्यांच्या 2022 च्या आठव्या आवृत्तीत नॉन-बायनरी, म्हणजे बाई-पुरुष या दोन चौकोनांत न बसणाऱ्या, लोकांसाठी वेगळं प्रकरण आहे आणि छातीच्या शस्त्रक्रियेआधी हार्मोन्सची सक्ती नाही. ती पानं प्रिंट काढून न्या. माझ्या दुसऱ्या डॉक्टरांनी चष्मा लावून वाचली आणि म्हणाल्या, "असंही असतं होय!" अख्ख्या महाराष्ट्रातल्या डॉक्टरांना पदव्या देणारं आरोग्य विद्यापीठ आपल्या म्हसरूळला, आणि शिकवायचं मात्र पेशंटने.

सर्जनला दाखवायचं मानसोपचारतज्ज्ञांचं लेटर मला नाशिकमध्येच मिळालं, सर्जन मुंबईत. लेटरमध्ये 'ट्रान्स पुरुष' लिहिलं असेल तर तिथेच बदलून घ्या, नाहीतर पुढे सर्जन हार्मोन्सची फाईल मागतात. ट्रान्सजेंडर ओळखपत्राचा अर्ज ऑनलाइन होतो, सही कलेक्टरांची. 2019 च्या कायद्याच्या मूळ व्याख्येत 'जेंडरक्वीअर' (आपल्यासारखे, दोन्हीत न बसणारे) शब्द होता. मी 2022 मध्ये काढलं तेव्हा मेडिकल कागद लागला नाही. खाजगीत सर्जरीसाठी ओळखपत्र मला कुणी मागितलं नाही, सरकारी योजनेतून करायची तर मात्र लागतं.

तोवर क्रेप बँडेज गुंडाळू नका, बरगड्यांची वाट लागते. बाइंडरही (छाती दाबून सपाट दाखवणारं घट्ट बनियन) आठ तासांच्या वर नको. सकाळची पंचवटी एक्सप्रेस पकडून मुंबईला जायचं, रात्री परत यायचं म्हणजे चौदा-पंधरा तास होतात. परतीच्या गाडीत मी बाइंडर काढून सॅक पोटाशी धरायची, ती थेट नाशिकरोडपर्यंत.

राहिलं 'आलो' की 'आले'. मी "आम्ही आलो" म्हणून मोकळं होतं. घरी पहिल्यांदा म्हटलं तेव्हा आजीने विचारलं, "राज्याभिषेक कधी झाला?"