खोकं कुठे आहे?

निपाणीजवळच्या एका वाचकाचं पत्र आलंय. आईचे गुडघे धरतात म्हणून कोल्हापूरच्या दुकानातून भांगेचा अर्क असलेला आयुर्वेदिक बाम घेतला, 50 ग्रॅमच्या चार डब्या. पिशवीत मावेनात म्हणून बाहेरची खोकी दुकानातच टाकली, बिल मागितलं नाही. कागलहून मोटारसायकलवर येताना तपासणी झाली, झाकणावरचं पंज्यासारखं पान दिसलं आणि एनडीपीएस म्हणजे अमली पदार्थविरोधी कायद्याखाली गुन्हा दाखल झाला. कानडीतल्या पंचनाम्यावर न वाचता सही केली. आता दोषारोपपत्रासोबत प्रयोगशाळेचा अहवाल मिळालाय. त्यात लिहिलंय, टीएचसी (भांगेच्या झाडातला नशा आणणारा घटक) सापडलं, नमुना गांजाचा. अहवाल हाती येऊन अकरा दिवस झालेत. ‘शिक्षा होईल का?’ असा प्रश्न आहे.

झाडाच्या नावावर अटक झालेल्यांची असली पत्रं माझ्याकडे नेहमी येतात. गांजा वाईट की औषधी, ही चर्चा कोर्टात कुणी करत नाही. तुमचं सगळं प्रकरण याच 1985 च्या एनडीपीएस कायद्यातल्या कलम 2(iii) मधल्या एका कंसावर उभं आहे. गांजा म्हणजे भांगेच्या झाडाचे फुलोऱ्याचे किंवा फळधारी शेंडे. त्यापुढे कंसात म्हटलंय की शेंड्यांशिवाय असलेली पानं आणि बिया त्यात धरायच्या नाहीत. म्हणजे बाम पानांपासून केला असेल तर तो या व्याख्येतला गांजाच नाही. पानांना राज्याचा अबकारी कायदा लागू होऊ शकतो, पण ते भांडण निराळं आणि बरंच लहान. कर्नाटक उच्च न्यायालयाने 2022 मध्ये भांगेच्या एका प्रकरणात हाच मुद्दा धरून जामीन दिला होता. तो जामिनाचा आदेश होता, अंतिम निकाल नव्हे. त्याच्या जोरावर निर्धास्त राहू नका.

अडचण अशी की बाममध्ये ना पान दिसतं ना शेंडा. टीएचसी दोन्हींत असतं, त्यामुळे नुसतं टीएचसी सापडलं यावरून शेंडे होते असं ठरत नाही. ते सांगू शकतो तो मजकूर: घटक, परवाना क्रमांक, बॅच क्रमांक. तो छापलेला होता खोक्यावर, आणि खोकं तुम्ही टाकलंत! एवढ्या वर्षांच्या वकिलीत माणसं अफू टाकायला विसरलेली पाहिली, पुरावा टाकायला विसरलेलं कुणी पाहिलं नाही.

आता वजनाकडे या. सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये हिरा सिंग प्रकरणात सांगितलंय की मिश्रणातलं तेल-मेणसुद्धा वजनात मोजायचं. म्हणजे तुमचे 200 ग्रॅम पूर्ण धरले जातील. गांजाची अल्प मात्रा 1000 ग्रॅमपर्यंत, त्यामुळे तुम्ही तिच्या आत आहात: कमाल एक वर्ष कैद किंवा 10,000 रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. पण अहवालात ‘गांजा’ऐवजी ‘चरस’ आलं असतं तर अल्प मात्रेची हद्द 100 ग्रॅमवरच संपली असती आणि शिक्षा दहा वर्षांपर्यंत गेली असती. एका शब्दाने तुम्हाला वाचवलंय, त्याला उगाच डिवचू नका.

हे मुद्दाम सांगतोय, कारण कुणीतरी तुम्हाला ‘फेरतपासणी मागा’ म्हणणारच. सर्वोच्च न्यायालयाच्या 2013 च्या थाना सिंग निकालाप्रमाणे ती मागणी अहवाल मिळाल्यापासून 15 दिवसांत करावी लागते आणि तीही अपवादात्मक परिस्थितीतच मान्य होते. तुमच्याकडे चार दिवस उरलेत. फेरतपासणीत चरस किंवा अर्क असा शब्द आला तर? म्हणून अर्ज करायचा की नाही, हे झाडाचा कोणता भाग वापरला याचा उत्पादकाचा कागद (तो कसा मागवायचा ते शेवटी सांगतो) पाहिल्यावर तुमच्या वकिलाने ठरवावं. तो कागद चार दिवसांत मिळाला नाही तर मी अर्ज न करण्याकडे झुकेन, पण तुमचा अहवाल मी पाहिलेला नाही.

पंचनाम्याचं काय? सही केलीत, आता ‘कानडी येत नव्हतं’ म्हणणं क्षीण पडतं, तरी उलटतपासणीत पंचांना विचारायला लावा. नमुना दंडाधिकाऱ्यांसमोर घेतला होता का, हेही पाहायला सांगा. तिथे चूक असेल तर उपयोग होईल, हमखास होईल असं नाही. खटला लांबेल हे मात्र गृहीत धरा. सीमाभागातली माणसं तारखांना सरावलेली असतात म्हणा.

आईने बाम लावावा की नाही, ते वैद्यांना विचारा. लावणार असाल तर परवाना क्रमांक पाहून घ्या, आणि खोकं घरात ठेवा.

दुकानात पैसे फोनवरून दिले असतील तर तारीख-वेळेसह नोंद अजून तुमच्याकडे आहे, तिचा स्क्रीनशॉट आजच काढा. उद्या दुकान उघडताच कोल्हापूर गाठा, तोच बाम खोक्यासकट घ्या, पक्कं बिल घ्या. खोक्यावरच्या पत्त्यावर उत्पादकाला पत्र टाका की बाममध्ये झाडाचा कोणता भाग वापरला ते लेखी कळवा. पत्र स्पीड पोस्टाने पाठवा, पावती जपून ठेवा. ही पावती तरी टाकू नका.