सूज उतरली, मग नजर का सुधारली नाही?

प्रश्न : माझ्या आईला बरीच वर्षे मधुमेह आहे. डोळ्याच्या पडद्यावर सूज आल्यामुळे तिला दर महिन्याला एक अशी तीन इंजेक्शने दिली. नव्या ओसीटी तपासणीत (पडद्याच्या थरांचे प्रकाशाने घेतलेले चित्र) सूज उतरलेली दिसते, पण वाचताना तिला पूर्वीइतकाच त्रास होतो. खर्चही मोठा आहे. पुढची इंजेक्शने घ्यावीत का? – एक वाचक, सांगली

उत्तर : आपल्या आईंची इंजेक्शने एवढ्यात थांबवू नयेत, असे मला मनापासून वाटते. मधुमेहात दृष्टिपटलाच्या बारीक रक्तवाहिन्या कमजोर होतात, रक्तपुरवठा अपुरा पडलेल्या भागातून व्हीईजीएफ नावाचे प्रथिन जास्त प्रमाणात स्रवते आणि त्यामुळे त्या वाहिन्या अधिकच पाझरू लागतात. रॅनिबिझुमॅब, अफ्लिबरसेप्ट किंवा बेव्हॅसिझुमॅब हे औषध त्या प्रथिनाला अडवते, पाझर कमी होतो आणि साचलेले पाणी हळूहळू शोषले जाते. ओसीटीत दिसतो तो हा बदल. नजर मात्र प्रकाश टिपणाऱ्या पेशी किती शाबूत आहेत यावर अवलंबून असते. सूज फार काळ राहून त्या पेशींना इजा झाली असेल, किंवा पडद्याच्या मध्यभागाचा रक्तपुरवठाच कमी झाला असेल, तर सूज उतरूनही अक्षरे स्पष्ट दिसत नाहीत. म्हणून डॉक्टरांना केवळ पडद्याच्या जाडीचा आकडा विचारू नका. पेशींचे थर कसे आहेत आणि सोबत मोतीबिंदू आहे का, हेही विचारा.

तरीही तीन इंजेक्शनांवरून निष्कर्ष काढणे घाईचे ठरेल. या तिन्ही औषधांची तुलना करणाऱ्या, 2015 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकन अभ्यासात पहिल्या वर्षी साधारण नऊ ते दहा इंजेक्शने लागली होती. त्यात सुरुवातीची नजर 6/15 (म्हणजे निरोगी डोळ्याला 15 मीटरवरून दिसणारे अक्षर 6 मीटरवरूनच दिसणे) किंवा त्याहून कमी असलेल्यांना वर्षअखेर अफ्लिबरसेप्टचा फायदा अधिक झाला. नजर त्याहून बरी असलेल्यांत तिन्ही औषधे जवळपास सारखीच ठरली. त्यामुळे खर्चाची अडचण डॉक्टरांसमोर मोकळेपणाने मांडा, कारण बेव्हॅसिझुमॅब बरेच स्वस्त पडते. औषधाचा परिणाम काही आठवड्यांत ओसरतो आणि मध्येच तारखा चुकल्या तर सूज परतू शकते. शिवाय नजर वाढली नाही तरी आहे ती टिकवणे हाही या उपचाराचा मोठा लाभ आहे. पुरेशा इंजेक्शनांनंतरही सूज हटली नाही, तर स्टेरॉइडचा पर्याय असतो, मात्र त्याने डोळ्यातील दाब आणि मोतीबिंदू वाढू शकतो.

इंजेक्शननंतर दुखणे व लाली वाढत गेली किंवा नजर एकदम धूसर झाली, तर जंतुसंसर्गाची शक्यता असते. असे क्वचितच घडते, पण घडल्यास पुढच्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे.