शेवटच्या टप्प्यातल्या कॅन्सरच्या वेदना संमोहनाने कमी होतात का?

तुमच्या वडिलांचा कॅन्सर हाडांत पसरलाय, मॉर्फिन सुरू आहे. संमोहनाने दुखणं कमी होईल का आणि मॉर्फिन सोडवता येईल का, असं तुम्ही विचारलंय. मी पॅलिएटिव्ह टीममध्ये, म्हणजे गंभीर आजारातला त्रास कमी करणाऱ्या टीममध्ये, समुपदेशक आहे. पहिल्याचं उत्तर, बऱ्याच जणांना फरक पडतो. दुसरं मात्र डोक्यातून काढून टाका. डोस कमी-जास्त करायचा तो डॉक्टरांनीच.

गाठ आहे तिथेच राहते, कमी होतो तो वेदनेचा जाच. संशोधक पिअर रेनव्हिल आणि सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये हे मेंदूच्या स्कॅनवर दाखवलं. चटका बसेल इतक्या गरम पाण्यात हात, आणि संमोहनात सूचना फक्त त्रास कमी-जास्त वाटण्याची. त्रासाशी जोडलेल्या भागातली हालचाल त्याप्रमाणे बदलली, संवेदना टिपणारा भाग जवळपास होता तसाच राहिला.

आमच्याकडे एक शेतकरी काका होते. ड्रेसिंग म्हटलं की आदल्या रात्रीपासून अंग ताठ. कुठे बरं वाटतं विचारलं तर म्हणाले, "कांद्याला दारं धरताना." मग तेच धरलं. डोळे मिटून श्वास संथ, पायाखाली ओला चिखल, पाटाचं गार पाणी, वाफा भरला की दारं मोडून पाणी पुढच्यात, आणि तो गारवा पोटऱ्यांवरून हळूहळू कमरेपर्यंत. सिस्टरचं काम होईपर्यंत काकांचे दोन-चार वाफे भरून व्हायचे. "दुखतंय, पण लांब कुठंतरी दुखतंय," म्हणायचे. पुढे माझ्याच आवाजातलं रेकॉर्डिंग मुलीच्या मोबाइलवर दिलं, रात्री ते स्वतःच लावायचे.

काकू मात्र पहिल्या दिवशी दारातच उभ्या, वशीकरणाच्या भीतीने! तसलं काही नसतं. माणूस जागा असतो, नको वाटलं तर डोळे उघडतो.

सगळ्यांना सारखा गुण येत नाही. ग्लानी असेल, भ्रम होत असेल, तर सूचना धरून ठेवता येत नाहीत, तेव्हा आम्ही करतही नाही. तुमच्या पॅलिएटिव्ह विभागातच क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची चौकशी करा. "गोळ्या बंद करा, मी बघतो" म्हणणाऱ्याकडे अजिबात जाऊ नका.

आणि कॅन्सर हाडांत पसरलाय म्हणून सांगते: पाठीत अचानक नवी कळ आली, पाय लटपटले किंवा लघवी अडली, तर रेकॉर्डिंग लावत बसू नका. त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा, मणक्यातल्या मज्जारज्जूवर दाब आलेला असू शकतो.