वाचकांचे प्रश्न : जामीन मंजूर, तरी भाऊ हिंडलग्यातच

प्रश्न : शेतातल्या पंपाची मोटर चोरल्याच्या आरोपावरून माझा धाकटा भाऊ आठ महिने हिंडलगा जेलमध्ये आहे. जामीन मंजूर होऊन दीड महिना झाला. चंदगडचे मामा जामीन राहायला तयार आहेत, त्यांची जमीनही आहे. पण जामीनदार बेळगाव जिल्ह्यातलाच हवा, असं सांगतात.
– एक बहीण, खानापूर तालुका

उत्तर : जमीन महाराष्ट्रातली आहे एवढ्याच कारणाने मामांना नाकारणं योग्य नाही. 1978 मध्ये गवंडीकाम करणाऱ्या मोतीरामच्या बाबतीत हेच घडलं होतं. दहा हजारांचा जामीन मागितला, भाऊ उभा राहिला, तर त्याची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यातली म्हणून नाकारला. सर्वोच्च न्यायालयाने मोतीरामला स्वतःच्या एक हजाराच्या जातमुचलक्यावर (जामीनदाराशिवाय, स्वतःच लिहून दिलेल्या हमीवर) सोडायला लावलं. त्याच न्यायालयाच्या 31 जानेवारी 2023 च्या आदेशातही स्थानिक जामीनदाराची अट घालू नये असं सुचवलं आहे. जामीन मंजूर होऊन महिना उलटला आणि जामीनदार मिळाला नाही, तर कोर्टाला आपणहून अटींचा फेरविचार करता येतो, हेही त्यातच आहे. तुमचा महिना उलटून गेला आहे.

तेव्हा अट शिथिल करण्याचा अर्ज लगेच द्या. आधी मामांना स्वीकारावं अशी मागणी. ते न जमल्यास रक्कम कमी करावी किंवा जामीनदाराऐवजी रोख भरू द्यावी. मामांचा ताजा सातबारा, आधार आणि नातं दाखवणारा कागद जोडा. सातबाऱ्याचं कन्नड भाषांतर सोबत असू द्या, नाहीतर त्यातच एक तारीख जाते. पैसे घेऊन जामीन राहणाऱ्या परक्या माणसाच्या नादी अजिबात लागू नका. आपण आणखी किती जणांना जामीन आहोत हे जामीनदाराला लिहून द्यावं लागतं; ते खोटं निघालं की भोगायचं तुमच्या भावाने.

वकिलाची फी परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा किंवा 15100 वर फोन करा. कोठडीतल्या माणसाला उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो.

आणखी एक हिशेब ठेवा. साध्या चोरीला जास्तीत जास्त तीन वर्षांची शिक्षा आहे. आधी कधीच शिक्षा न झालेल्या कच्च्या कैद्याने तिचा एक तृतीयांश काळ, म्हणजे एक वर्ष, आत काढलं की भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 479 खाली त्याला जातमुचलक्यावर सोडायचं असतं आणि तसा अर्ज जेल अधीक्षकांनीच करायचा असतो. मात्र दुसरी केस चालू असेल तर ही सवलत नाही.

प्रश्न : मुलगा जामिनावर सुटून आलाय. परत आत जाऊ नये म्हणून काय सांभाळावं?
– एक वडील, निपाणी

उत्तर : सगळ्यात आधी तारखा. पोरगा कामाला गोव्याला किंवा पुण्याला जातो, तारीख चुकते, वॉरंट निघतं आणि नवा गुन्हा न करताही तो पुन्हा आत जातो. शिवाय जामिनावर असताना विनाकारण गैरहजर राहणं हा वेगळा गुन्हा आहे, एक वर्षापर्यंत शिक्षेचा. म्हणजे नावावर दुसरी केस, आणि पुढचा जामीन आणखी अवघड.

केस नंबर ई-कोर्ट्स ॲपमध्ये टाकून ठेवा, पुढची तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहा. येणं जमणार नसेल तर त्याच दिवशी सकाळी वकिलामार्फत गैरहजेरी माफीचा अर्ज गेला पाहिजे. वॉरंट निघालंच, तर पोलीस दारात यायच्या आत स्वतः कोर्टात हजर होऊन ते रद्द करून घ्या. गडहिंग्लज, कागलकडे दुसरी केस असेल तर तिथल्याही तारखा बघा. बेळगावचा जामीन तिकडे चालत नाही.