मुलांचा कॅन्सर : एमडीनंतर आणखी काय शिकायचं?

प्रश्न : माझी मुलगी बालरोगात एमडी झाली. आता तिला मुलांचे कॅन्सर आणि रक्ताचे आजार यांतच पुढे शिकायचंय. आणखी किती वर्षं? आणि वेगळं काय शिकवतात?
– एक आई, अमरावती

उत्तर : ताई, एमडीनंतरची पदवी डीएम, तिला 3 वर्षं; प्रवेश नीट-एसएस या परीक्षेतून, मुंबईत टाटा मेमोरियलला ते करता येतं. दुसरी वाट नॅशनल बोर्डाच्या 2 वर्षांच्या एफएनबी फेलोशिपची.

वेगळं काय, हा प्रश्न मला जास्त आवडला. औषधांची नावं तिला ठाऊक असतीलच. पण केमोनंतर पांढऱ्या पेशी घसरलेल्या मुलाला रात्री ताप आला, तर रिपोर्टसाठी न थांबता तासाभरात अँटिबायोटिक सुरू व्हायला हवं. व्हिन्क्रिस्टिन हे केमोचं औषध फक्त शिरेतून; चुकून मणक्यात गेलं तर जीव जातो. म्हणून शिरेतलं आणि मणक्यातलं इंजेक्शन मी एका ट्रेमध्ये ठेवूच देत नाही. हे वॉर्डातच अंगवळणी पडतं. तपासणीसाठी बोन मॅरो (हाडातला मगज) काढणं, त्याची स्लाइड स्वतः पाहणं, थॅलेसेमियात वारंवार द्याव्या लागणाऱ्या रक्ताबरोबर साठणारं लोह उतरवणं, हेही तिथलंच.

सर्वांत कठीण आईबापांशी बोलणं. रक्ताच्या कॅन्सरचा उपचार दोन-अडीच वर्षंही चालतो. मूल खेळायला लागलं की घरच्यांना वाटतं, बरं झालं, आता कशाला? तिथे त्यांना धरून ठेवावं लागतं.

शिकून ती विदर्भात परतली तर मला फार आनंद होईल. तिकडे सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराची मुलं खूप आहेत. अर्ज भरण्याआधी महिनाभर तिला मुलांच्या कॅन्सरच्या एखाद्या वॉर्डात काढू द्या.